नव्व्याण्णव टक्क्यांची रेंज

मेलबर्नच्या डँडेनॉन्गमध्ये नवीन मराठी कुटुंब आलं की भाड्याचं घर, मुलांची शाळा, सेकंडहँड गाडी या प्रत्येक बाबतीत त्यांना दहा जण दहा सल्ले देतात. मोबाइलच्या बाबतीत मात्र विलक्षण एकमत. ‘डोळे मिटून टेलस्ट्रा घ्या, बाकीच्यांना रेंज नाही.’ सांगणाऱ्याला एकदा विचारून बघा, काका, रेंज नसलेल्या ठिकाणी तुम्ही शेवटचे कधी गेला होतात? काकांचं घर नोबल पार्कला, ऑफिस सिटीत, किराणा फॉस्टर स्ट्रीटवरच्या लिटल इंडियात आणि देव कॅरम डाउन्सच्या शिव-विष्णू मंदिरात. या सगळ्या टापूत टेलस्ट्रा, ऑप्टस, व्होडाफोन या तिन्ही कंपन्यांचे टॉवर आहेत आणि तिन्हींवर नागपूरच्या आत्याचा व्हिडिओ कॉल सारखाच चालतो. तरी काका दरमहा चढं बिल भरतात. न जाणो, कधी नलारबॉरच्या माळावरून गाडी हाकायची वेळ आली तर!

दुसरा नमुना याच्या बरोबर उलटा. सुपरमार्केटमध्ये सवलतीत लागलेलं वर्षभराचं प्रीपेड सिम त्याने उचललेलं असतं. घेताना एकच प्रश्न, ‘जीबी किती?’ मग ईस्टरच्या सुटीत भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन तो ग्रेट ओशन रोडला निघतो. लॉर्न सोडल्यावर वळणावळणात फोनवरचा नकाशा गोठतो, मागच्या सीटवर आई देवाचं नाव घ्यायला लागते, आणि परत आल्यावर हा सगळ्यांना सांगत सुटतो की या देशात नेटवर्कच नाही, आमच्या कोकणातल्या घाटात याहून बरी रेंज असते.

या दोघांची टर उडवणं सोपं आहे, आणि मी ती उडवतोच. पण एक नक्की. दोघांच्याही हाती पडणारी माहिती अशी बेतलेली आहे, की शहाण्या माणसानेही त्यातून चुकीचंच काहीतरी उचलावं.

जाहिरातीतले आकडे घ्या. टेलस्ट्रा ९९.७ टक्के, ऑप्टस ९८.५, व्होडाफोन ९८.४. दहावीच्या निकालासारखं झालंय हे, सगळेच विशेष प्रावीण्यात. टक्क्या-सव्वा टक्क्यासाठी कोण डोकं खाजवणार? फक्त हे टक्के जमिनीचे नाहीत, लोकसंख्येचे आहेत. माणसं जिथे राहतात तिथे रेंज आहे का, एवढंच ते सांगतात. माणूस दिवसा कुठे जातो, गाडी कुठे बंद पडते, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. ऑस्ट्रेलियाचं क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर. टेलस्ट्राचा दावा ३० लाखांचा, बाकी दोघांचा प्रत्येकी १० लाखांच्या आसपास. म्हणजे ९९.७ आणि ९८.५ यांच्यामधल्या त्या चिमटीभर फटीत २० लाख चौरस किलोमीटर जमीन गडप झालेली आहे. अख्खा महाराष्ट्र ३ लाख ८ हजारांचा आहे, हे लक्षात ठेवून ही फट पुन्हा एकदा बघा.

व्होडाफोनची गोष्ट आणखी बोलकी आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी ऑप्टसचे ग्रामीण भागातले टॉवर वाटून घ्यायला सुरुवात केली आणि त्यांचं जाळं ४ लाख चौरस किलोमीटरवरून एकदम १० लाखांवर गेलं. जमीन अडीचपट झाली. टक्का? जरासा हलला. जो आकडा अडीचपट फरकानेही जागचा फारसा हलत नाही, त्यावरून कंपनी निवडायला सांगणारे लोक एकतर आपल्याला बावळट समजतात किंवा त्यांना आपण बावळट राहिलेले हवे आहोत. शेपार्टनच्या बागांत फळं तोडायला जाणारा आपला विद्यार्थी त्या हिशेबात डँडेनॉन्गचा रहिवासी म्हणून ‘कव्हर’ झालेला असतो. गिप्सलँडच्या आडरस्त्यांवरून रात्रपाळीला गाडी चालवत जाणारी नर्सही तशीच. रात्री परत येऊन झोपतात ना इथे, मग झालं तर.

आता स्वस्त सिमांचा मामला. ऑल्डी, वूलवर्थ्स, बेलॉन्ग, लायका यांचे स्वतःचे टॉवर नाहीत. ही मंडळी टेलस्ट्राचं जाळं वापरतात, आणि ते पाकिटावर अभिमानाने छापलेलं असतं. पण टेलस्ट्रा यांना आपलं सगळं जाळं देत नाही. घाऊक गिऱ्हाइकांसाठी तिने एक आखूड जाळं राखून ठेवलंय. ते लोकसंख्येच्या ९८.८ टक्क्यांपर्यंत पोचतं. पूर्ण जाळं स्वतः टेलस्ट्राच्या आणि बूस्ट या ब्रँडच्या गिऱ्हाइकांना. ९९.७ वजा ९८.८, म्हणजे पॉइंट नऊ. ऐकायला किती किरकोळ! जमिनीवर मोजलं तर या पॉइंट नऊमध्ये चार महाराष्ट्र आरामात मावतात. एका शॉपिंग सेंटरच्या मधोमध स्टूल टाकून बसलेल्या सिमविक्या मुलाला मी हे विचारलं होतं. तो म्हणाला, ‘सेम टॉवर, ब्रदर.’ त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. त्याला पैसे सिम खपल्याचे मिळतात, भूगोल शिकवल्याचे नाही.

मग कव्हरेजचा नकाशा बघावा म्हणाल. जरूर बघा. तो काढतो कोण? जिचं जाळं, तीच कंपनी. संगणकावर अंदाज बांधून, बहुतेक उघड्यावर उभ्या असलेल्या फोनचा. इथे परीक्षार्थीच पेपर तपासतो आणि गुणपत्रिकेवर सहीही तोच करतो. मे २०२५ मध्ये व्होडाफोनने जाहीर आरोप केला, की टेलस्ट्राच्या त्या ३० लाखांतले जवळजवळ १० लाख चौरस किलोमीटर गाडीच्या किंवा घराच्या टपावर वेगळी अँटेना बसवली तरच मिळतात, नुसता फोन हातात धरून नाही. टेलस्ट्राचं उत्तर वकिली होतं. मोजण्याची पद्धत आम्ही कधी लपवलेली नाही, म्हणे. खरंच आहे, बारीक अक्षरात काहीच लपत नसतं. आणि व्होडाफोनला हा सत्याचा पुळका कधी आला? स्वतःचं जाळं वाढल्यावर काही महिन्यांत. चार लाखांवर होते तेव्हा यांना चौरस किलोमीटर मोजायची हौस नव्हती.

पण नकाशाची ही लबाडी सभ्य म्हणावी असाही व्यवहार या देशात झालाय. ऑप्टसच्या काही दुकानांतून शेकडो लोकांच्या गळ्यात त्यांना नको असलेले, न परवडणारे फोन आणि प्लॅन मारले गेले. त्यांतले कित्येक मूलनिवासी होते, काही अपंग, काहींचं इंग्रजी कच्चं. आणि काही जण तर अशा ठिकाणी राहणारे, जिथे ऑप्टसची रेंजच नव्हती! २०२५ मध्ये फेडरल कोर्टाने या प्रकरणात १० कोटी डॉलरचा दंड केला. टेलस्ट्राला अशाच वागणुकीसाठी २०२१ मध्ये ५ कोटींचा दंड झालेला आहे, तोही मूलनिवासी ग्राहकांना लुबाडल्याबद्दल. ‘इंग्रजी कच्चं’ या शब्दांपाशी डँडेनॉन्गने जरा थांबायला हवं. इथे निम्म्याहून अधिक लोक परदेशात जन्मलेले आहेत. दुकानात भाचा नाहीतर शेजारी दुभाषा म्हणून उभा असतो, आणि सही मावशींची असते.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. बजेटात पैसे ठेवून त्यांनी मोबाइल कव्हरेजची राष्ट्रीय तपासणी सुरू केली. मोजणीची यंत्रं बसवलेल्या गाड्या दरवर्षी ग्रामीण भागातल्या सुमारे १ लाख ८० हजार किलोमीटर रस्त्यांवरून फिरतात आणि तिन्ही कंपन्यांची खरी रेंज नोंदवतात. निकाल सगळ्यांना फुकट बघता येतो. आपल्या लोकांच्या गटांत रोज सकाळी सूर्यनमस्काराचे फायदे येतात, कुठल्या दुकानात हापूसची पेटी आली तेही येतं, पण या तपासणीची लिंक कुणी टाकलेली मला आजवर दिसलेली नाही. टाकली ती मीच. तिच्याखाली कुणीतरी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि लगेच विचारलं, ‘पण दादा, टेलस्ट्राच घेऊ ना?’

ब्रँडचं हे वेड आपण सामानातूनच घेऊन आलोय. हचच्या जाहिरातीतला तो पग ज्यांना आठवतो त्या पिढीला अजून वाटतं, की नेटवर्क म्हणजे इमानी कुत्रं. मग दुसरं टोक. भारतात व्होडाफोन-आयडियाचे हाल झाले म्हणून इथे व्होडाफोन नको! अहो, इथली व्होडाफोन टीपीजी टेलिकॉमची आहे, २०२० च्या विलीनीकरणापासून. मुंबईतल्या कंपनीच्या कर्जाने मेलबर्नचा टॉवर बंद पडत नाही. इथल्या व्होडाफोनवर राग धरायचाच तर त्याला इथलं कारण आहे. २०१० च्या सुमारास तिचं जाळं इतकं कोलमडलं होतं, की चिडलेल्या ग्राहकांनी तिचं नाव ‘व्होडाफेल’ ठेवलं. पण त्यालाही आता दीड दशक झालं. आणि इमान कसलं पाळताय? बहुतेक प्लॅन महिन्याचे, नंबर आपला, दुसरीकडे न्यायला काही तास लागतात. कोथिंबिरीच्या जुडीवरून डँडेनॉन्ग मार्केट पालथं घालणारी माणसं सिम बदलायच्या वेळी एकदम एकपत्नीव्रती होतात.

काही गोष्टी मात्र कुठल्याच नकाशात मिळत नाहीत. डँडेनॉन्ग साउथच्या गोदामांत काम केलेल्या कुणालाही विचारा. बाहेर पार्किंगमध्ये फाइव्ह जीच्या सगळ्या कांड्या, आणि रोलर शटर ओलांडून आत पाऊल टाकलं की पत्र्याच्या त्या पेटाऱ्यात फोन मुका. फाइव्ह जीचा जो वेगवान पट्टा जाहिरातीत मिरवतात, तो ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. त्या लहरी कमी अंतर जातात आणि भिंत-पत्रा भेदण्यात कच्च्या असतात. ७०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या लहरी दूर जातात, आतही शिरतात, पण वेग कमी. जाहिरातीत वेग वरच्या लहरींचा सांगायचा आणि पसारा खालच्या लहरींचा, अशी ही चलाखी. घरात असाल तर वायफाय कॉलिंग चालू करून ठेवलं की निम्मं दुखणं मिटतं. पण गोदामातल्या कंत्राटी कामगाराला वायफायचा पासवर्ड कोण देतंय?

आमच्या गावाचं नाव लावणारा एक डोंगरही आहे, पंचवीस-तीस किलोमीटरवर. माउंट डँडेनॉन्ग, उंची ६३३ मीटर. १९५६ पासून मेलबर्नचा टीव्ही याच्या माथ्यावरच्या मनोऱ्यांवरून दिसतो. आणि त्याच डोंगराच्या घळींत, सॅसफ्रास-ओलिंडाच्या वळणांवर, फोन हातात घेऊन माणसं रेंज शोधत फिरतात. जून २०२१ च्या वादळात तिथे झाडं कोसळली, वीज गेली, बॅटऱ्या संपल्यावर मोबाइलचे टॉवरही गेले. ज्या दिवशी फोनची सगळ्यात जास्त गरज होती नेमकं त्याच दिवशी. कव्हरेजच्या नकाशावर त्या दिवशीही डोंगर रंगवलेलाच होता.

हे रंगाचं प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ८ नोव्हेंबर २०२३ ला ऑप्टसचं जाळं देशभर पडलं. सुमारे १ कोटी ग्राहक, जवळजवळ १४ तास. त्या काळात २,१४५ लोकांचे ००० या तातडीच्या नंबरला लावलेले फोन लागले नाहीत. नियम असा, की आपल्या कंपनीचं जाळं नसेल तर तातडीचा फोन दुसऱ्या कोणत्याही जाळ्यावरून जायला हवा. पण ऑप्टसचे काही थ्री जी टॉवर आतून मेलेले असूनही बाहेर सिग्नल सोडत राहिले, फोनना वाटलं जाळं आहे, आणि ते तिथेच चिकटून बसले. भरपाई म्हणून कंपनीने २०० जीबी डेटा देऊ केला. नंतर १ कोटी २० लाख डॉलर दंड भरला. आणि १८ सप्टेंबर २०२५ ला पुन्हा तेच. या वेळी फायरवॉल बदलताना बाकीचे फोन सुरळीत आणि फक्त ०००चे कॉल अडकले, दक्षिण ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, नॉर्दर्न टेरिटरीत. त्या तासांतले काही मृत्यू या बिघाडाशी जोडले गेले. पाच कांड्यांची भरगच्च रेंज होती त्या फोनांत.

याच ०००ने आपल्या आईबाबांच्या खिशापर्यंत हात घातलाय, आणि ते बहुतेकांना ठाऊकच नाही. २८ ऑक्टोबर २०२४ ला टेलस्ट्रा आणि ऑप्टसने थ्री जी बंद केलं; व्होडाफोनने त्याआधीच. जो फोन फोर जीवरून तातडीचा कॉल लावू शकत नाही त्याला सेवा द्यायची नाही, असा सरकारी नियम झाला. नियम योग्यच आहे. पण फोन फोर जी असून भागत नाही. त्यातल्या सॉफ्टवेअरला इथल्या जाळ्यावर तातडीचा कॉल लावता यायला हवा, आणि परदेशी बाजारासाठी बनवलेल्या अनेक फोनांत ती सोय नव्हती. त्यामुळे भारतातून आणलेले, चांगले धडधाकट फोनही इथे बाद झाले. ३४९८ वर ‘३’ एवढा एसएमएस पाठवला की फोनबद्दल उत्तर येत असे. बाबांनी तो पाठवलाच नाही, कारण असा नंबर आहे हे मुलालाच माहीत नव्हतं. पुढे २०२५ च्या शेवटी जुन्या सॅमसंग फोनांचंही असंच निघालं. सुमारे ७० मॉडेलं. त्यांतली काही अपडेट करायची, काही फेकून द्यायची. नोव्हेंबरमध्ये टीपीजीने जाहीर केलं, की सिडनीत त्यांच्या जाळ्यावरच्या एका ग्राहकाचा जुन्या सॅमसंगवरून ०००ला फोन लागला नाही, आणि त्या व्यक्तीचा मृत्यू झाला. तेव्हा आईला इथे आल्यावर तुमचा जुना फोन देताना त्याचं मॉडेल तपासा. टेलस्ट्रा की ऑप्टस हा वाद नंतर घालू.

घालायचाच तर माझं मत सरळ आहे. डँडेनॉन्ग ते सिटी एवढंच ज्याचं जग आहे त्याने सगळ्यात स्वस्त सिम घ्यावं आणि उरलेल्या पैशांत मुलीला पोहणं शिकवावं. ज्याला कामासाठी शहराबाहेर जावं लागतं त्याने पूर्ण जाळं मिळणारं सिम घ्यावं आणि मालकाकडून त्याचे पैसे मागावेत. सुटीत हिंडणाऱ्याने फोनच्या दुसऱ्या खणात दुसऱ्या कंपनीचं महिनाभराचं प्रीपेड टाकावं. मात्र त्या दुसऱ्या खणात आपल्याकडे भारतातला नंबर बसलेला असतो, बँकेच्या ओटीपीसाठी प्राण धरून! त्याला काढायची कुणाची छाती होत नाही. हे सगळं एका बैठकीत ठरतं. यात तज्ज्ञ लागत नाही.

पण खरा प्रश्न हा आहे, की ही उठाठेव मी का करायची? ऑटवेच्या जंगलात माझ्या फोनला रेंज नसते, तेव्हा अनेकदा समोरच्या टेकडीवर दुसऱ्या कंपनीचा टॉवर धडधडीत चालू असतो. त्याचा सिग्नल माझ्या फोनपर्यंत पोचतोय. ०००साठी तो मला घेतोही. म्हणजे तंत्राची अडचण नाही. बायकोला ‘उशीर होईल’ सांगायला मात्र तो मला घेत नाही, कारण माझं सिम परक्या घरचं. देशांतर्गत रोमिंग सक्तीचं करावं का, हा प्रश्न स्पर्धा आयोगापुढे १९९८, २००५ आणि २०१७ असा तीनदा आला आणि तिन्ही वेळा त्यांनी नाही म्हटलं. युक्तिवाद असा, की टॉवर सगळ्यांना वापरायला मिळाले तर नवे कोण बांधेल? युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, टेलस्ट्राने आडगावांत पैसा ओतलाय हे खरं. पण त्याच आडगावांतल्या कित्येक टॉवरांत २०१५ पासून सरकारच्या ब्लॅक स्पॉट योजनेतून करदात्यांचाही पैसा गेलाय. त्यावर फक्त एका कंपनीचा झेंडा का? आणि ऑप्टस-व्होडाफोनने टॉवर वाटून घेतले तेव्हा आकाश कोसळलं नाही. फायदा दिसला की वाटणी जमते, आयोगही मान डोलावतो. ग्राहकाच्या सोयीसाठी म्हटलं की गुंतवणुकीचं काय, असं रडगाणं सुरू. ज्या भारताला आपण इथे बसून नावं ठेवतो, तिथे वादळ-पुराच्या वेळी दूरसंचार विभाग आदेश काढतो आणि कुठल्याही सिमवाल्याला जो टॉवर शिल्लक असेल तो वापरता येतो. इथे त्याची अजून तयारी चाललीय.

त्याऐवजी २०२५ मध्ये सरकारने घोषणा केली ती उपग्रहाची. २०२७ च्या अखेरीपर्यंत देशात जवळपास कुठेही, उघड्या आकाशाखाली, मेसेज आणि साधा फोन. टेलस्ट्राने जून २०२५ मध्ये स्टारलिंकच्या मदतीने मेसेजची सेवा सुरूही केली, सुरुवातीला मोजक्या महागड्या सॅमसंग फोनांवर आणि आपल्या स्वतःच्या मासिक प्लॅनवाल्यांसाठीच. शेकडो किलोमीटर उंचीवरून पळणाऱ्या उपग्रहाला माझा फोन सापडेल. समोरच्या टेकडीवरच्या टॉवरला तो आजही सापडतोय, त्याला फक्त उचलायची परवानगी नाही.